नावाचं आवतन

आमच्या घरी ऑस्ट्रेलियातून जे आवतन आलं होतं, ते माझं नव्हतं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. तोंडाने तर अजून एकदाही उच्चारलेलं नाही. बायकोपाशी नाही, दादापाशी नाही, आणि जिचं ते आवतन होतं तिच्यापाशी तर नाहीच. पिंपळवंडीच्या आसपास मला अजूनही काही लोक ‘ऑस्ट्रेलियावाले’ म्हणून ओळखतात. द्राक्षवाल्यांचा मेळावा असला की पुढच्या खुर्चीत बसवतात, शाल घालतात, आणि माईक हातात असलेला माणूस सांगतो की हे त्या काळात स्वतःच्या हिमतीवर तिकडे जाऊन आले. मी मान खाली घालून बसतो. लोकांना तो विनय वाटतो.

आम्ही मळ्यात राहायचो. घर पत्र्याचं, पुढे कोबा केलेला ओटा, आणि ओट्यावरून पाय खाली टाकला की लगेच द्राक्षांची पहिली ओळ. पहाटे दादाचा फवारणीचा ब्लोअर सुरू व्हायचा, त्या आवाजाने पत्रा बारीक थरथरायचा, आणि त्या थरथरीखाली चुलीपुढे भाकरी थापल्याचा एकसारखा आवाज चालू असायचा. आई आणि वहिनी समोरासमोर बसायच्या. एक थापायची, दुसरी भाजायची. रविवारी मासवडी असायची. खसखस, तीळ, खोबरं भाजल्याचा वास थेट पाचव्या-सहाव्या ओळीपर्यंत यायचा आणि मजूर बायकांचे हात मंदावायचे. मी तेव्हा डिप्लोमा कसाबसा पास होऊन घरी बसलो होतो. बसलो होतो म्हणजे राबत होतो, पण आमच्याकडे शिकून शेतात राबणाऱ्याला बसलेलाच म्हणतात. आबा मला टोचून काही बोलत नसत. आलेल्या पाव्हण्यांना मात्र सांगायचे, “हा आमचा धाकटा. ह्याचं अजून ठरायचंय.” ते ‘ठरायचंय’ मला भाकरीतल्या खड्यासारखं लागायचं.

कमलवहिनी अवसरी खुर्दची. बारावी शिकलेली, इंग्रजीत वर्गात पहिली. तिच्या शाळेतल्या एका बाईंनी मुलींना परदेशातल्या पत्रमैत्रिणींचे पत्ते वाटले होते. बाकीच्या मुलींची पत्रं दोन-तीन फेऱ्यांत आटली. वहिनीच्या वाट्याला जी मुलगी आली होती, तिला पत्र लिहायचा कंटाळा. म्हणून तिच्या आजीनेच उत्तर पाठवलं. ती आजी म्हणजे डॉटबाई. एका मोठ्या नदीच्या काठी तिचा द्राक्षांचा मळा होता. वहिनीचं लग्न झालं, अवसरी सुटली, ती आमच्या मळ्यात आली, तरी ती पत्रं थांबली नाहीत. पत्त्यातलं गाव तेवढं बदललं. आता दोघींकडेही द्राक्षं होती, त्यामुळे लिहायला विषय वाढले एवढंच.

डॉटबाई बोलायची तशीच लिहायची. तिची इंग्रजी आमच्या पुस्तकात नव्हती, डिक्शनरीतही निम्मी सापडायची नाही. वहिनी प्रत्येक नवा शब्द दोनशे पानी वहीत उतरवायची आणि पुढच्या पत्रात विचारायची की ह्याचा अर्थ काय. पत्र जायला महिना-दीड महिना, यायला तेवढेच. एका शब्दाचा अर्थ कळायला तीन महिने लागायचे. एवढा वेळ ती वाट बघायची, आणि अर्थ आला की तो शब्दासमोर लिहून त्याच्यापुढे आपल्याकडचं उदाहरण लिहायची. स्मोको: चहापाण्याची सुट्टी, आपल्याकडे न्याहारीला बायका ओळीतून बाहेर येतात ती वेळ. आर्वो: दुपार कलल्यावर. टकर: जेवण. यूट: पिकप, पाटलांची आहे तशी. हार्ड याका: मोडून टाकणारं काम; पहा, छाटणी. आज माझ्या मुलीला कुठल्याही शब्दाचा अर्थ फोनवर बोट ठेवल्याठेवल्या मिळतो. मी तिला म्हणतो, तुझ्या काकूने एकेक शब्द बी पेरून उगवायची वाट बघितल्यासारखा मिळवला आहे. ती म्हणते, हो बाबा, सांगितलंय तुम्ही.

ते पत्र आलं तेव्हा छाटणी नुकतीच उरकली होती. वहिनी भावाच्या लग्नासाठी चार दिवस अवसरीला गेली होती. पोस्टमनने बांधावरून हाक मारली आणि पत्र माझ्या हातात आलं. आमच्या घरी डॉटबाईचं पत्र हा सगळ्यांचा कार्यक्रम असायचा. जेवणं झाली की वहिनी ओट्यावर बसून एकेक वाक्य मराठीत सांगायची, आबा पान जुळवत ऐकायचे, आई मधेच “तिच्या गुडघ्याचं काय झालं?” असं विचारायची. त्या दिवशी वहिनी नव्हती. आबा म्हणाले, “तू वाच. येवढं शिकलाय न्हवं?”

मी आधी मनात वाचलं. मग पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं.

“काय म्हन्ती डॉटबाई?” आबांनी विचारलं.

“बोलावलंय. द्राक्षांची तोडणी बघायला. तीन महिने राहायला.”

“इमानानं जायाचं?” आई म्हणाली.

“तिकिटाचं तीच बघणार म्हणते.”

दादा हसायला लागला. “म्हातारी लई दिलदार हाय राव.”

आबांनी मात्र हात वर केला. “थांबा. आवतान कसलं हाय त्ये सांग आधी. चूलबंद, घरटी एक, का नावाचं?”

हे इथे थोडं सांगितलं पाहिजे, कारण सगळं ह्याच्यावरच फिरलं. आमच्याकडे कार्याचं आवतन द्यायला माणूस दारात आला की तो कसलं आवतन ते बोलून दाखवतो. चूलबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. घरटी एक म्हणजे घरातलं कुणीही एक माणूस चालेल, कोण ते घरानं ठरवायचं. आणि नावाचं आवतन म्हणजे ज्याचं नाव घेतलं त्यानंच जायचं. त्याच्या जागी दुसरा जात नाही आणि त्याला कुणी अडवतही नाही. आबा ह्या बाबतीत फार कडक. पारगावच्या मैत्रिणीनं घरभरणीला एकट्या वहिनीचं नाव घेतलं होतं, तेव्हा आई कुरकुरली होती की सून एकटी कशी जाईल. आबांनी दादाला मोटारसायकल काढायला लावली आणि वहिनीला मुक्कामी पोचवलं होतं. म्हणून, आबांनी सुनेला परदेशी धाडलंच नसतं अशी जी समजूत मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला घालत आलो, तिला काही अर्थ नाही. मी काही विचारण्याआधीच त्यांनी त्याचं उत्तर देऊन टाकलं होतं. ते म्हणाले, “नावाचं आसंल तर बोलायचं कामच न्हाई. जेचं नाव तेनं जायाचं. दुसरं कुनी जाऊन बसलं तर त्या बाईच्या दाराचा अपमान व्हतो. घरटी एक आसंल तर बसून इचार करू.”

पत्र माझ्या हातात उघडं होतं. पहिली ओळ ‘प्रिय कमल’ अशी होती. पुढे लिहिलं होतं, माझे गुडघे थकले, आता माझ्याच्यानं तुझ्या घरी येणं व्हायचं नाही, तेव्हा तू ये. तुझ्यासाठी व्हरांड्यातली खोली रंगवून घेतली आहे. तुझ्या माणसांना सांग की मी तुला लेकीसारखी जपेन. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. त्या पत्रातलं एक अक्षरही त्यांना वाचता येत नव्हतं. आणि माझं अजून ठरायचं होतं.

“घरटी एक,” मी म्हणालो.

आबांनी पान तोंडात घातलं. पान चघळून होईपर्यंत माझं ठरलं.

वहिनी परत आली तेव्हा आईनेच तिला दारात बातमी दिली. ती हौदावर पाय धूत होती. पाय धुता धुता तशीच थांबली. “पत्र कुठंय?” तिने मला विचारलं. मी म्हणालो, पासपोर्टच्या कागदांबरोबर पुण्याला एजंटाकडे दिलं. ते माझ्या ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी होतं.

“घरटी एक,” ती हळूच म्हणाली. “डॉटबाईला घरटी एक कुठनं ठावं?”

ती माझ्याकडे बघत राहिली. नळातून हौदात पडणाऱ्या पाण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मग तिने तांब्या पालथा घातला आणि म्हणाली, “बरं. मंग शिकायला पायजे तुमाला, भावजी. तुमचं इंग्रजी पुस्तकातलं. तिथं उतरल्यावर कायबी कळायचं न्हाई. आन् उत्तर तुमीच लिवा. जानार तुमी.”

उत्तर मीच लिहिलं. घरच्या अडचणीमुळे कमलला जमत नाही, तिचा दीर म्हणून मी येतो, असं. डॉटबाईने माझ्या नावाने नवे कागद पाठवले, कसलीही खळखळ न करता.

शिकवणी चालायची ती घड विरळताना. मणी वाटाण्याएवढे होण्याआधी प्रत्येक घडातले जास्तीचे मणी बारीक कात्रीने काढून टाकावे लागतात, म्हणजे राहिलेल्यांना फुगायला जागा मिळते. मान वर करून, हात वर धरून दिवसभर उभं राहायचं काम. वहिनी ओळीच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मध्ये वेल. पानांतून मला तिचं तोंड दिसायचं नाही, नुसता आवाज आणि कात्रीची टिकटिक.

“शी’ल बी राइट?”

“होईल नीट. काळजी नको.”

“फेअर डिंकम?”

“खरंखुरं. शपथेवर.”

“कुनी म्हनलं, जेवायला ये आन् येताना प्लेट घेऊन ये, तर काय न्याल?”

“प्लेट.”

पलीकडे कात्री थांबली. “मोकळी प्लेट घेऊन जाल आन् घराण्याची अब्रू घालवाल. प्लेट म्हंजी काइतरी करून न्यायाचं. डॉटबाईच्या शेजारी कुनी नवी बाई आली व्हती, ती मोकळी प्लेट घेऊन दारात उभी राहिली. बिचारीला वाटलं, ह्यांच्याकडं भांडी कमी हायेत.”

पुढच्या ओळीतल्या बायका खिदळल्या. होता होता सगळं घर ते शब्द बोलायला लागलं. आई ओट्यावरून हाक मारायची, “स्मोको झाला का न्हाई? चला, चहा निवतोय.” दादा ट्रॅक्टरखालून तोंड काढून ‘नो वरीज’ म्हणायचा. आबा एकदा सोसायटीच्या सेक्रेटरीला म्हणाले, “आर्वोला येतो,” आणि तो बिचारा आर्वो हा कुठला गाव म्हणून विचार करत बसला. मी हसायचो, पण मनातून गांगरून जायचो. अवसरी आणि पिंपळवंडी सोडून फारसं कुठे न गेलेल्या ह्या बाईने एक अख्खा देश दोनशे पानांत आणून ठेवला होता. वहीच्या शेवटच्या पानावर तिने डॉटबाईच्या घराचा नकाशा काढला होता. नुसत्या पत्रांतल्या बोलण्यावरून. जाळीचा दरवाजा, तो आपोआप आपटतो. आत गेलं की डावीकडे स्वयंपाकाचा ओटा. ओट्यावरच्या कपाटात निळे कप, वरच्या फळीवर चहाचा डबा. मागच्या दारी पाण्याची टाकी, टाकीशेजारी मिऱ्यासारखी फळं धरणारं झाड. शब्द तिने कधी ऐकले नव्हते, घर कधी पाहिलं नव्हतं.

त्याच दिवसांत बिबट्याचं झालं. दिवस मावळायला टेकला होता, मजूर बायका गेल्या होत्या, आम्ही दोघं कात्र्या गोळा करून शेडकडे येत होतो. शेजारच्या उसातून तो सरळ बांधावर आला आणि शेडपाशी बांधलेल्या कालवडीकडे बघत बसला. बसला, धावला नाही. घरचं कुत्रं बसावं तसा. मला आठवतंय ते एवढंच की मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर होतो आणि तिथे कसा पोचलो ते कळलं नव्हतं. वहिनी खालीच होती. तिने बादली उचलली, कात्री तिच्यावर वाजवायला सुरुवात केली आणि चालत चालत कालवडीच्या आणि त्याच्या मधे जाऊन उभी राहिली. “जा,” ती त्याला म्हणत होती, आवाज न चढवता, दारात आलेल्या परक्या जनावराला म्हणावं तसं. “जा म्हनलं ना. हितं काय न्हाई तुजं. जा.” तो तिच्याकडे बघत होता, ती त्याच्याकडे. मग तो उठला, आळस दिला आणि उसात शिरला. वहिनीने बादली खाली ठेवली. हात पदराला पुसले.

“उतरा आता, भावजी. गेला त्यो.”

दुसऱ्या दिवशी वेलीच्या पलीकडून तिने नवा शब्द सांगितला. सुक: रडका, भित्रा माणूस. वहीत त्याच्यासमोर उदाहरण लिहिलेलं मी नंतर पाहिलं: बाळू भावजी, ट्रॅक्टरवर.

निघताना तिने ती वही माझ्या बॅगेत घातली, तिच्यावर शेंगदाण्याच्या चटणीची पुडी. “अडलं तर उघडा,” म्हणाली. आमचीही तोडणी तेव्हाच चालू व्हायची होती. माझ्या वाटणीचं काम तीन महिने कुणी केलं, ते मी विचारलं नाही. परत आल्यावर तिच्या बोटांवरच्या कात्रीच्या घट्ट्यांनी ते सांगितलं.

तिथल्या पहिल्या दिवसाबद्दल मी मेळाव्यांतून पुष्कळदा बोललो आहे. ओळी एवढ्या लांब की शेवटचा खांब दिसत नाही, नदी एवढी रुंद आणि एवढी मुकाट, आभाळ सगळ्या बाजूंनी जमिनीला टेकलेलं. ते सगळं खरं आहे. पण मी जे कधीच सांगितलं नाही ते असं, की मला त्या सगळ्याहून मोठं वाटलं ते वेगळंच. डॉटबाईने मला स्टेशनवरून आणलं, तिच्या यूटमधून. मी उतरून घरात शिरलो. मागचा दरवाजा जाळीचा होता, आणि तो माझ्यामागे आपोआप आपटला. डावीकडे ओटा होता. तेवढ्यात ओळींच्या पार टोकावरून कुणीतरी लांब हेल काढून ओरडलं, “स्मोको,” आणि सगळ्या मळ्यात कात्र्या थांबल्या. माझ्या अंगावर काटा आला. आमच्या ओट्यावर आई रोज म्हणायची तो शब्द इथे खरोखर जिवंत होता, माणसं त्याच्यावर हातातलं काम खाली ठेवत होती.

डॉटबाई उंच, वाळलेली, काठी टेकत चालणारी. “बस रे बाळा,” अशा अर्थाचं काहीतरी म्हणून ती किटली ठेवायला वळली. मी बसलो नाही. मी ओट्यावरचं कपाट उघडलं. निळे कप होते. वरच्या फळीवर चहाचा डबा होता. मी दोन कप काढून ठेवले.

डॉटबाई वळून बघत राहिली. “तुला कसं कळलं?”

“कमल,” मी म्हणालो.

ती खुर्चीवर बसली आणि तिने तोंडावर हात घेतला. मी वही काढून तिच्यापुढे ठेवली. ती पानं उलटत गेली, प्रत्येक शब्दावरून बोट फिरवत. इंग्रजी शब्द तिला वाचता येत होते, पुढचं मराठी नाही. एका पानावर ती थांबली. “सुक,” तिने वाचलं आणि हसली. “ह्याच्यापुढे काय लिहिलंय तिनं?”

“अर्थ,” मी म्हणालो.

तिने वही मिटली, हात वहीवर ठेवला, आणि जे विचारणार हे मला तीन हजार कोस आधीपासून माहीत होतं ते विचारलं. “ती का आली नाही? खरं सांग. घरच्यांनी अडवलं का?”

मी तिथे खरं बोलू शकलो असतो. त्या बाईला माझ्यावर रागावता आलं नसतं एवढी ती त्या वहीने हलली होती. पण घरच्यांनी अडवलं म्हटलं असतं, तर तिने आबांना पत्र लिहिलं असतं. तिला जमलं नाही म्हटलं असतं, तर तिने का म्हणून विचारलं असतं. मला असं कारण हवं होतं की ज्याच्यापुढे कुणी काही विचारत नाही. आणि वहिनीचाच शब्द माझ्या तोंडात तयार होता.

“ती घाबरली,” मी म्हणालो. “विमानाला. जरा सुक आहे ती.”

डॉटबाईच्या कपाळाला आठी पडली. “कमल? बिबट्याला हाकलणारी? तिनं लिहिलं होतं मला. तू आणि ती, दोघांनी मिळून हाकललात म्हणे.”

दोघांनी मिळून. म्हणजे तिने तेही झाकून घेतलं होतं, सात समुद्रांपलीकडे, जिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं तिथेसुद्धा.

“बिबट्याचं वेगळं,” मी म्हणालो. “विमानाचं वेगळं.”

डॉटबाईने हळूहळू मान हलवली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. व्हरांड्यातली, नव्याने रंगवलेली खोली मला दिली. खिडकीला तिने स्वतः शिवलेले पडदे होते, त्यांवर कमळं होती.

मी तिथे खूप शिकलो, हे नाकारण्यात अर्थ नाही. वेल कसे वळवतात, घड रॅकवर कसे वाळवतात, माल कसा निवडतात. आज आमची बाग उभी आहे ती त्याच्या जोरावर. पण दर वेळी कुणी काही बोललं आणि मला ते बिनचूक कळलं, की मला वेलीपलीकडची ती कात्री ऐकू यायची. गावच्या जेवणाला ‘प्लेट आण’ म्हणाले तेव्हा मी चटणी घालून बटाटे करून नेले. सगळ्यांनी वाखाणलं, शहाणा पोरगा म्हणाले.

अडीच महिने गेले असतील. स्मोकोची वेळ होती. डॉटबाई पाकीट घेऊन व्हरांड्यात आली. वहिनीचं अक्षर मी लांबूनच ओळखलं. “मी आल्या आल्या तिला लिहिलं होतं,” डॉटबाई म्हणाली. “म्हटलं, तुझ्यासाठी खोली रंगवली, पडदे शिवले, आणि तू विमानाला घाबरलीस होय ग? त्यात लाज कसली. मी तुझ्या देशातल्या सापांना घाबरते.” म्हणजे वहिनीला आता सगळं कळलं होतं. आवतन कुणाचं होतं ते, मी घरात काय सांगितलं ते आणि इथे काय सांगितलं ते. हातातला कप मी खाली ठेवला. डॉटबाई मोठ्याने वाचायला लागली.

‘प्रिय डॉट, माझ्या भावजींनी सांगितलं ते खरं आहे. मला भीती वाटली. बिबट्या एकदाच बघतो आणि जातो, विमान फार वेळ वर राहतं. मी मोठी सुक आहे. फेअर डिंकम. त्यांना पोटभर टकर देत जा. भूक लागली तरी ते मागत नाहीत.’

डॉटबाई हसून हसून डोळे पुसत होती. तोडणी करणारेही हसले. मीही हसलो. मग कात्री घेऊन ओळीत गेलो आणि पार शेवटच्या खांबापर्यंत न थांबता चालत राहिलो.

घरी परत आलो त्या दिवशी मासवडी होती. आबांनी चार माणसं बोलावली होती. सगळे पांगल्यावर वहिनी भांडी आवरत होती. मी वही तिच्यापुढे ठेवली. वाटलं, आता ती बोलेल. ती बोलली असती तर मी तिच्या पायावर डोकं ठेवलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो.

“कप निळेच व्हते ना?” तिने विचारलं.

“निळेच.”

“डाव्या हाताला?”

“डाव्या हाताला.”

तिने समाधानाने मान हलवली. मग हात पुसून वही उघडली आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. “ह्यो कसा म्हनत्यात? मी आपली लिवलेल्यावरनं म्हनते.”

मी म्हणून दाखवला. तिने तो ओठांतल्या ओठांत म्हटला. मग दुसरा. मग तिसरा. एकेक करून तिने अख्खी वही माझ्याकडून म्हणून घेतली. तिचा प्रवास तो तेवढा. सुकच्या पानावर आलो तेव्हा मी थांबलो. ती थांबली नाही. “ह्यो?” तिने विचारलं. मी म्हणून दाखवला. तिने म्हटला, आणि पान उलटलं.

डॉटबाई आता नाही. तिच्या मुलीचं नाताळचं कार्ड अजून येतं, आणि त्यात दर वर्षी एक ओळ असते: विमानाची भीती गेली का? वहिनी कार्ड वाचते, हसते आणि देवळीत ठेवते. तिच्या केसांत आता पांढरं जास्त आहे. तिने विमान अजून आतून पाहिलेलं नाही. आबा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या माघारी घरी आलेलं आवतन दादा घेतो, आणि आलेल्या माणसाला न चुकता विचारतो की कसलं आहे. मी तेव्हा काहीतरी काम काढून आत जातो.

ते पत्र माझ्याकडे आहे. त्याच ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी. त्याच्यावर कमलवहिनीचं नाव आहे. दादाच्या देखत, ओट्यावर बसून, ‘प्रिय कमल’पासून शेवटच्या ओळीपर्यंत ते जसंच्या तसं मोठ्याने वाचायचं आणि तिच्या हातात द्यायचं, आणि डॉटबाईच्या मुलीला कळवायचं की घाबरला तो मी. एवढं माझ्याकडून देणं आहे. अजून दिलेलं नाही.